संकरित प्रतिकारशक्ती (कोविड-१९)

संकरित प्रतिकारशक्ती म्हणजे एखाद्या रोगाचा प्रत्यक्ष संसर्ग आणि त्याच रोगावरील लस या दोहोंच्या एकत्रित परिणामातून शरीरात निर्माण होणारी संरक्षणक्षमता होय. ही संज्ञा प्रामुख्याने सार्स-कोव्ह-२ या करोना विषाणूमुळे होणाऱ्या कोविड-१९ या रोगाच्या संदर्भात वापरली जाते. आधी संसर्ग व नंतर लस, किंवा आधी लस व नंतर संसर्ग, अशा दोन्ही क्रमांनी ती निर्माण होऊ शकते.

कोविड-१९ होऊन गेलेल्या व्यक्तीला लस दिल्यावर तिच्या शरीराचा प्रतिसाद, संसर्ग न झालेल्या व्यक्तीच्या प्रतिसादापेक्षा अधिक वेगवान, अधिक तीव्र आणि विषाणूच्या अधिक प्रकारांना पुरून उरणारा असतो, असे २०२१ पासूनच्या अनेक अभ्यासांत दिसून आले. गंभीर आजारापासूनचे हे संरक्षण दीर्घकाळ टिकते. नव्या संसर्गापासूनचे संरक्षण मात्र काही महिन्यांत कमी होते. असे असले, तरी या संरक्षणाचा एक घटक म्हणजे प्रत्यक्ष आजार असल्याने ते मिळवण्यासाठी जाणूनबुजून संसर्ग ओढवून घेणे आरोग्यतज्ज्ञांच्या मते धोकादायक आहे.

पार्श्वभूमी

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान शहरात कोविड-१९ चे पहिले रुग्ण आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. डिसेंबर २०२० पासून अनेक देशांत लसीकरण सुरू झाले. भारतात ते १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. तोपर्यंत जगभरात कोट्यवधी लोकांना संसर्ग होऊन गेला होता. त्यांतील अनेकांना कोणतीही लक्षणे न जाणवल्याने आपल्याला संसर्ग झाला होता, याची कल्पनाही नव्हती.

लशींच्या मूळ चाचण्यांची आखणी मुख्यतः संसर्ग न झालेल्या व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. त्यामुळे लसीकरण सुरू होताच दोन व्यावहारिक प्रश्न उभे राहिले. आजारातून बरे झालेल्यांना लशीची गरज आहे का? असल्यास त्यांना दोन मात्रा द्याव्यात की एक पुरेल? २०२१ च्या पूर्वार्धात लशीचा पुरवठा अतिशय अपुरा होता. बरे झालेल्या व्यक्तीची दुसरी मात्रा वाचली, तर ती एखाद्या असुरक्षित वृद्धाला देता आली असती. याच कारणामुळे पूर्वसंसर्ग आणि लस यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास हा केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहिला नाही.

संज्ञा

‘संकरित प्रतिकारशक्ती’ ही संज्ञा अमेरिकेतील ला होया इन्स्टिट्यूट फॉर इम्युनॉलॉजी या संस्थेतील प्रतिकारशास्त्रज्ञ शेन क्रॉटी यांच्या जून २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखामुळे रूढ झाली. वनस्पतींच्या दोन वेगळ्या वाणांचा संकर केला असता संकरित वाण कित्येकदा दोन्ही मूळ वाणांपेक्षा जोमदार निघतो. संसर्गजन्य आणि लसजन्य प्रतिकारशक्ती एकत्र आल्यावर होणारा परिणामही तसाच, म्हणजे दोहोंच्या साध्या बेरजेपेक्षा अधिक असतो, असे या संज्ञेतून सुचवले जाते.

लस घेतल्यानंतर झालेल्या संसर्गाला ‘भेदक संसर्ग’ म्हणतात. अशा संसर्गानंतर निर्माण होणाऱ्या प्रतिकारशक्तीचाही समावेश संकरित प्रतिकारशक्तीत केला जातो.

कार्यपद्धती

संसर्गातून मिळणारी प्रतिकारशक्ती

करोना विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी दिसणारी स्पाइक प्रथिने असतात. या प्रथिनाचा एक भाग मानवी पेशींवरील एसीई-२ या ग्राहकाला चिकटतो आणि विषाणू पेशीत शिरतो. संसर्ग झाल्यावर शरीराची ओळख केवळ स्पाइकशी होत नाही, तर विषाणूच्या गाभ्यातील न्यूक्लिओकॅप्सिड (एन) प्रथिन आणि आवरणातील प्रथिने यांच्याशीही होते. संसर्ग नाक व घशातून सुरू होत असल्याने तेथील श्लेष्मल त्वचेत आयजीए प्रकारची प्रतिपिंडे आणि स्थानिक टी-पेशीही तयार होतात.

मात्र या प्रतिसादाची तीव्रता व्यक्तीगणिक फार बदलते. सौम्य आजार झालेल्या काहींमध्ये प्रतिपिंडांचे प्रमाण अत्यल्प असते, तर गंभीर आजारातून वाचलेल्यांमध्ये ते बरेच जास्त आढळते. संसर्गानंतर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू घटली, तरी स्मृतिपेशी टिकून राहतात. जानेवारी २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संसर्गानंतर आठ महिन्यांपर्यंत स्मृती बी-पेशी आणि टी-पेशी आढळल्या. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या दीर्घायुषी पेशी बरे झालेल्यांच्या अस्थिमज्जेत सापडल्याचे त्याच वर्षी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या (सेंट लुईस) संशोधकांनी दाखवून दिले.

लशीतून मिळणारी प्रतिकारशक्ती

एम-आरएनए लशी (उदा. फायझर-बायोएनटेक, मॉडर्ना) आणि वाहक विषाणूवर आधारित लशी (उदा. कोव्हिशील्ड) शरीराला केवळ स्पाइक प्रथिनाची ओळख करून देतात. कोव्हॅक्सिनसारख्या निष्क्रिय विषाणूच्या लशीत मात्र संपूर्ण, पण मृत विषाणू असतो. त्यामुळे तिच्यामुळे एन प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. लशीची मात्रा ठरावीक असल्याने प्रतिसाद संसर्गाच्या तुलनेत अधिक एकसारखा मिळतो. दंडात टोचलेल्या लशीमुळे रक्तात भरपूर प्रतिपिंडे निर्माण होतात. नाक आणि घशातील स्थानिक प्रतिसाद मात्र त्यामानाने क्षीण राहतो.

दोन्ही एकत्र आल्यावर

पूर्वी संसर्ग झालेल्या व्यक्तीला लस दिली, की शरीर तिला अनोळखी पदार्थ मानत नाही. आधीच तयार असलेल्या स्मृती बी-पेशी स्पाइक प्रथिन ओळखतात आणि झपाट्याने विभाजित होऊन प्रतिपिंडे तयार करू लागतात. अशा व्यक्तीच्या बाबतीत पहिली मात्रा प्रत्यक्षात वर्धक मात्रेचे काम करते.

यामागे आणखी एक कारण आहे. संसर्गानंतरच्या काही महिन्यांत स्मृती बी-पेशींच्या जनुकांत लहान लहान बदल होत राहतात. त्यांतून स्पाइकला अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी निवडल्या जातात. या प्रक्रियेला ‘आसक्ती-परिपक्वन’ म्हणतात. लस मिळते तेव्हा या ‘घडलेल्या’ पेशी कामाला लागतात. परिणामी प्रतिपिंडांची संख्याच नव्हे, तर त्यांची गुणवत्ताही वाढते आणि विषाणूचे बदललेले प्रकारही ती ओळखू शकतात. प्रतिपिंडे चुकवून विषाणू पेशीत शिरलाच, तर टी-पेशी बाधित पेशी नष्ट करतात. टी-पेशी विषाणूचे अनेक तुकडे ओळखत असल्याने काही उत्परिवर्तनांमुळे त्यांना सहज चकवा देता येत नाही.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष

न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतील संशोधकांचा अभ्यास मार्च २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एम-आरएनए लस घेतलेल्या ११० व्यक्तींच्या या अभ्यासात, पूर्वी संसर्ग झालेल्यांमध्ये पहिल्या मात्रेनंतर प्रतिपिंडांचे प्रमाण संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत १० ते ४५ पट आढळले. दुसऱ्या मात्रेने त्यांच्या प्रतिपिंडांत फारशी भर पडली नाही.

त्याच वर्षी सिअ‍ॅटल येथील संशोधकांना असे दिसले, की बरे झालेल्यांना एम-आरएनए लशीची एकच मात्रा दिल्यावर मूळ विषाणूला तसेच दक्षिण आफ्रिकेत प्रथम आढळलेल्या बीटा प्रकाराला निष्प्रभ करण्याची त्यांच्या रक्तजलाची क्षमता काही व्यक्तींत सुमारे १,००० पटींपर्यंत वाढली. ही बाब लक्षणीय होती, कारण त्या व्यक्तींना बीटा प्रकाराचा संसर्ग झाला नव्हता आणि लसही मूळ विषाणूवर बेतलेली होती.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये २० उत्परिवर्तने असलेले एक कृत्रिम स्पाइक प्रथिन तयार केले. केवळ संसर्ग झालेल्या किंवा केवळ लस घेतलेल्या बहुतेक व्यक्तींच्या प्रतिपिंडांना या स्पाइकने चकवले. संसर्गानंतर लस घेतलेल्यांची प्रतिपिंडे मात्र त्यालाही निष्प्रभ करू शकली. त्या वर्षाअखेरीस पसरलेल्या ओमिक्रॉन प्रकाराच्या स्पाइकमध्ये ३० हून अधिक बदल होते. त्यामुळे या प्रयोगाचे महत्त्व पुढे अधिकच जाणवले.

लोकसंख्येवरील अभ्यास

रक्तातील प्रतिपिंडे मोजणे आणि लोक प्रत्यक्षात किती आजारी पडतात हे पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून धोरण ठरवताना लोकसंख्येवरील अभ्यासांना अधिक महत्त्व दिले गेले.

डेल्टा प्रकारापर्यंतचा काळ

अमेरिकेतील केंटकी राज्यात २०२० मध्ये संसर्ग झालेल्यांचा अभ्यास ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लस न घेतलेल्यांमध्ये मे-जून २०२१ या काळात पुनःसंसर्गाची शक्यता, पूर्ण लस घेतलेल्यांच्या तुलनेत २.३४ पट आढळली. बरे झालेल्यांनाही लशीचा फायदा होतो, याचा हा एक आरंभीचा पुरावा होता.

इस्रायलमध्ये ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मध्ये, डेल्टाच्या लाटेत, गोळा केलेल्या राष्ट्रीय माहितीवरून काळानुसार संरक्षण कसे घटते, हे स्पष्ट झाले. दर १,००,००० व्यक्ती-दिवसांमागे आढळलेल्या संसर्गांची संख्या पुढीलप्रमाणे होती:

• संसर्ग न झालेले, दोन मात्रा घेतलेले: दोन महिन्यांच्या आत २१.१, सहा महिने किंवा अधिक काळानंतर ८८.९
• संसर्ग झालेले, लस न घेतलेले: संसर्गानंतर चार ते सहा महिन्यांदरम्यान १०.५, एक वर्ष किंवा अधिक काळानंतर ३०.२
• संसर्गानंतर एक मात्रा घेतलेले: दोन महिन्यांच्या आत ३.७, सहा महिने किंवा अधिक काळानंतर ११.६

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. संरक्षण तिन्ही गटांत घटत गेले. परंतु संकरित प्रतिकारशक्ती असलेल्या गटात ते सर्वांत उच्च पातळीवरून घटू लागले. इस्रायलमधील क्लालिट या आरोग्यसंस्थेच्या सुमारे १,४९,००० बरे झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात फायझर-बायोएनटेक लशीची पुनःसंसर्गाविरुद्धची परिणामकारकता १६ ते ६४ वयोगटात ८२ टक्के आणि ६५ वर्षे व त्यावरील वयोगटात ६० टक्के आढळली.

युनायटेड किंग्डममधील ‘सायरन’ या अभ्यासात ३५,००० हून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांची नियमित तपासणी करण्यात आली. लस न घेतलेल्यांमध्ये संसर्गजन्य संरक्षण एका वर्षानंतर घटले. संसर्गानंतर लस घेतलेल्यांमध्ये मात्र ते संसर्गाला १८ महिने उलटल्यानंतरही ९० टक्क्यांहून अधिक राहिले. हे निष्कर्ष ओमिक्रॉनपूर्व काळातील आहेत.

ओमिक्रॉनचा काळ

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका व बोट्सवाना येथून ओमिक्रॉनची नोंद झाली आणि संसर्ग रोखण्याविषयीची गणिते बदलली. कतारमधील अभ्यासात ओमिक्रॉनच्या बीए.२ उपप्रकारामुळे होणाऱ्या लक्षणयुक्त संसर्गाविरुद्ध केवळ पूर्वसंसर्गाचे संरक्षण ४६.१ टक्के आढळले. बऱ्याच काळापूर्वी घेतलेल्या दोन मात्रांचे संरक्षण जवळजवळ शून्य होते, तर तीन मात्रांचे ५२.२ टक्के होते. पूर्वसंसर्ग आणि दोन मात्रा मिळून ५५.१ टक्के, तर पूर्वसंसर्ग आणि तीन मात्रा मिळून ७७.३ टक्के संरक्षण मिळाले. हे आकडे फायझर-बायोएनटेक लशीचे आहेत. गंभीर आजारापासून मात्र या सर्वच गटांत भक्कम संरक्षण आढळले.

अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ओमिक्रॉनमुळे रुग्णालयात दाखल होण्यापासून किंवा गंभीर आजारापासून केवळ पूर्वसंसर्गाचे संरक्षण १२ महिन्यांनी ७४.६ टक्के होते. पूर्वसंसर्ग आणि प्राथमिक लसीकरण मिळून ते ९७.४ टक्के होते. पुनःसंसर्गाविरुद्ध हेच आकडे अनुक्रमे २४.७ टक्के आणि ४१.८ टक्के इतके होते. म्हणजेच संकरित प्रतिकारशक्ती असलेल्या व्यक्तीला पुन्हा सर्दी-तापासारखा आजार होण्याची शक्यता बरीच राहते, पण तो जिवावर बेतण्याची शक्यता फार कमी होते.

संपर्काचा क्रम आणि कालांतर

आधी संसर्ग व नंतर लस घेतलेले, तसेच आधी लस घेऊन नंतर भेदक संसर्ग झालेले, अशा दोन्ही गटांची तुलना अमेरिकेतील ओरेगन आरोग्य व विज्ञान विद्यापीठात करण्यात आली. दोन्ही गटांत प्रतिपिंडांचा प्रतिसाद जवळपास सारखाच आणि केवळ लस घेतलेल्यांपेक्षा बराच प्रबळ आढळला. त्यावरून प्रयोगशाळेतील मोजमापापुरता क्रमाला फारसा अर्थ नाही, असे दिसते.

व्यक्तीच्या जिवाच्या दृष्टीने मात्र क्रमाला मोठा अर्थ आहे. लस न घेता प्रथमच संसर्ग होणारी व्यक्ती आजाराला असंरक्षित अवस्थेत सामोरी जाते. लस घेतलेल्या व्यक्तीला नंतर संसर्ग झाला, तर गंभीर आजाराचा धोका बराच कमी झालेला असतो. अंतिम प्रतिकारशक्ती सारखीच असली, तरी ती मिळवण्याची जोखीम दोन्ही मार्गांत सारखी नसते.

संसर्ग आणि लस यांमध्ये किती अंतर आहे, यावरही प्रतिसाद अवलंबून असतो. संसर्गानंतर फार लवकर लस दिल्यास रक्तात आधीच असलेली प्रतिपिंडे लशीतील प्रतिजनाला झाकून टाकतात आणि स्मृतिपेशींना परिपक्व होण्यास पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून अनेक देशांनी काही महिन्यांचे अंतर ठेवण्याची शिफारस केली.

प्रतिकारशक्तीवरील ठसा

शरीराची एखाद्या विषाणूशी झालेली पहिली भेट पुढील सर्व प्रतिसादांवर आपला ठसा उमटवते. इन्फ्लुएन्झाच्या अभ्यासातून अमेरिकन विषाणुशास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस (कनिष्ठ) यांनी १९६० मध्ये या घटनेला ‘मूळ प्रतिजनीय पाप’ असे नाव दिले. आता त्यासाठी ‘प्रतिकारशक्तीवरील ठसा’ ही संज्ञा अधिक वापरली जाते.

लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये तीन मात्रा घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ज्यांना पूर्वी मूळ प्रकाराचा संसर्ग झाला होता, त्यांच्यात ओमिक्रॉनच्या संसर्गानंतर ओमिक्रॉनविरुद्धचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. पूर्वी संसर्ग न झालेल्यांत तो वाढला, पण ही वाढ ओमिक्रॉनपेक्षा जुन्या प्रकारांविरुद्ध अधिक होती. त्यामुळे दर नव्या संसर्गाने प्रतिकारशक्ती वाढतच जाते, हा समज टिकत नाही. संकरित प्रतिकारशक्ती प्रबळ असली, तरी ती अमर्याद नसते.

भारतातील स्थिती

भारतात लसीकरण सुरू होण्यापूर्वीच शहरांच्या दाट वस्तीत संसर्ग मोठ्या प्रमाणावर पसरला होता. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत केलेल्या रक्तजल सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली. हे सर्वेक्षण बृहन्मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी केले होते. पुण्यातील अधिक प्रादुर्भाव असलेल्या पाच प्रभागांत जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये झालेल्या सर्वेक्षणात हे प्रमाण सरासरी ५१.५ टक्के होते. एकाच शहरात शेजारी राहणाऱ्या दोन वस्त्यांची लसीकरणापूर्वीची स्थिती किती भिन्न असू शकते, हे या आकड्यांतून दिसते.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत डेल्टा प्रकारामुळे आलेल्या दुसऱ्या लाटेत देशातील दैनंदिन रुग्णसंख्या ४ लाखांच्या वर गेली. त्यानंतर जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) केलेल्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकसंख्येत प्रतिपिंडे आढळली. लस न घेतलेल्यांतही हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. याचा अर्थ असा, की त्यानंतर लस घेणाऱ्या बहुसंख्य भारतीयांना लशीपूर्वीच संसर्ग होऊन गेला होता. भारतातील प्रतिकारशक्ती मोठ्या प्रमाणावर संकरित स्वरूपाची झाली, ती अशा रीतीने.

भारतात मुख्यत्वे दोन लशी वापरल्या गेल्या: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने उत्पादित केलेली कोव्हिशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेली कोव्हॅक्सिन. आयसीएमआरच्या २०२१ मधील एका लहान अभ्यासात, पूर्वी संसर्ग झालेल्यांना कोव्हॅक्सिनच्या एका मात्रेने मिळालेला प्रतिसाद हा संसर्ग न झालेल्यांच्या दोन मात्रांच्या प्रतिसादाच्या तोडीचा आढळला. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासातही कोव्हिशील्ड घेतलेल्या बरे झालेल्या व्यक्तींची डेल्टाला निष्प्रभ करण्याची क्षमता केवळ लस घेतलेल्यांपेक्षा अधिक दिसली.

तरीही भारत सरकारने सर्वांसाठी दोन मात्रांचेच धोरण कायम ठेवले. बरे झालेल्यांचे लसीकरण तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना मे २०२१ मध्ये देण्यात आली. पहिल्या मात्रेनंतर संसर्ग झाल्यास दुसरी मात्राही बरे झाल्यावर तीन महिन्यांनी घ्यावी, असे त्यात नमूद होते.

लसीकरण धोरणांवरील परिणाम

फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बरे झालेल्यांसाठी एकच मात्रा पुरेशी असल्याची शिफारस केली. युरोपातील इतर काही देशांनीही तसे धोरण स्वीकारले. युरोपीय संघाच्या जुलै २०२१ पासून लागू झालेल्या डिजिटल प्रमाणपत्रात लस आणि तपासणी यांबरोबरच बरे झाल्याचा दाखलाही १८० दिवसांपर्यंत ग्राह्य धरला गेला. अमेरिका आणि भारत यांनी मात्र पूर्वसंसर्ग विचारात न घेता सर्वांना समान मात्रा दिल्या.

एका मात्रेच्या बाजूने लशीची बचत आणि अनावश्यक दुष्परिणाम टाळणे, ही कारणे मांडली गेली. एम-आरएनए लशींच्या दुसऱ्या मात्रेनंतर तरुण पुरुषांत क्वचित आढळणारा हृदयस्नायूचा दाह हा त्यांतील एक मुद्दा होता. विरोधी बाजूची कारणे बहुतांशी व्यवहारातील होती. संसर्गाचा पुरावा प्रत्येकाकडे नसतो, प्रतिपिंडांची तपासणी सर्वत्र उपलब्ध नसते, सौम्य आजारानंतरचा प्रतिसाद अनिश्चित असतो आणि कोट्यवधी लोकांच्या मोहिमेत नियम जितका साधा, तितक्या चुका कमी होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १ जून २०२२ रोजी संकरित प्रतिकारशक्तीविषयी अंतरिम निवेदन प्रसिद्ध केले. मार्च २०२३ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ गटाने लोकसंख्येतील व्यापक प्रतिकारशक्ती लक्षात घेऊन शिफारशी बदलल्या. वृद्ध, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण, गर्भवती आणि आघाडीवरील आरोग्य कर्मचारी यांना प्राधान्य देण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेनेही लस न घेतलेल्या बहुतेक व्यक्तींसाठी एकच मात्रा पुरेशी ठरवली, कारण तोपर्यंत बहुतेक नागरिकांना संसर्ग किंवा लस यांपैकी काहीतरी मिळालेले होते.

दुष्परिणाम

पूर्वी संसर्ग झालेल्यांना पहिल्या मात्रेनंतर ताप, थकवा, अंगदुखी, डोकेदुखी यांसारखा त्रास अधिक प्रमाणात होतो, असे युनायटेड किंग्डममधील मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासात आढळले. आधीच सज्ज असलेल्या स्मृतिपेशींचा जोरदार प्रतिसाद हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. हा त्रास साधारणतः एक-दोन दिवसांत ओसरतो.

मर्यादा आणि गैरसमज

संकरित प्रतिकारशक्तीविषयीच्या अभ्यासांचा अर्थ लावताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा म्हणजे ‘वाचलेल्यांचा पूर्वग्रह’. पूर्वसंसर्ग झालेल्या गटात केवळ जिवंत राहिलेल्या व्यक्तींचीच गणना होते. पहिल्या संसर्गात मृत्यू पावलेले या तुलनेत कोठेच दिसत नाहीत. त्यामुळे ‘संसर्गातून अधिक चांगले संरक्षण मिळते’ हे विधान आकड्यांच्या दृष्टीने काही काळापुरते खरे असले, तरी त्यात त्या संरक्षणाची किंमत धरलेली नसते. वाचलेल्यांपैकी अनेकांना दीर्घकालीन कोविडचा त्रास सोसावा लागला, हेही या आकड्यांत येत नाही.

दुसरी मर्यादा गटांच्या वर्गीकरणाची आहे. ‘संसर्ग न झालेले’ म्हणून नोंदवलेल्यांत लक्षणरहित संसर्ग होऊन गेलेलेही असतात. एन प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून पूर्वसंसर्ग ओळखता येतो. परंतु ही प्रतिपिंडे कालांतराने घटतात आणि निष्क्रिय विषाणूची लस घेतलेल्यांमध्ये ही तपासणी निर्णायक ठरत नाही. तिसरी मर्यादा अशी, की बहुतेक मोठे अभ्यास एम-आरएनए लशींवर झाले. त्यांतील आकडे कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिनला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

या विषयाभोवती दोन परस्परविरोधी गैरसमज रूढ झाले. एक म्हणजे कोविड होऊन गेल्यावर लशीचा काहीच उपयोग नसतो; दुसरा म्हणजे पूर्वसंसर्गाने काहीच संरक्षण मिळत नाही. वर दिलेल्या अभ्यासांतून दोन्ही चुकीचे ठरतात. पूर्वसंसर्गाचे संरक्षण खरे असते आणि लस ते वाढवते, टिकवते व अधिक भरवशाचे करते. मात्र ज्याला संसर्ग झालेला नाही, त्याच्यासाठी या निष्कर्षांचा अर्थ आधी आजारी पडावे असा होत नाही. त्याच्यासाठी लस हाच संरक्षणाचा कमी जोखमीचा आरंभ आहे. पुढे संसर्ग झालाच, तर तो सज्ज शरीराला होतो.